पद्मिनीला अल्टरनेटर बसवला, तरी चार्जिंग धरत नाही – जाणकारांनी मदत करावी

फियाटप्रेमी पुणे

नमस्कार मंडळी.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८ चं मॉडेल, १०८९ सीसी. वडिलांनी घेतलेली. ती चालती ठेवायची आणि चालवायची, हे घरात ठरलेलं आहे. गेल्या काही वर्षांत तिच्यात बरेच बदल झाले, ते आधी सांगतो, कारण दुखणं त्यातच कुठेतरी असावं.

मूळ डायनामो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जुन्या धाटणीचं जनित्र, काढून त्याच्या जागी लुकास-टीव्हीएसचा ४५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवलाय. त्याच्या मागे दोनच जोडण्या आहेत. एक जाड स्टड, त्यावर बी प्लस लिहिलंय (चार्जिंगचा करंट इथून बाहेर येतो), आणि एक पाती, तिच्यावर आयएनडी (चार्जिंगच्या दिव्याची वायर इथे येते). पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे. हेडलाइटला ६०/५५ वॅटचे हॅलोजन, रिले लावून. रेडिएटरपुढे इलेक्ट्रिक पंखा. मागच्या सीटखाली छोटा अ‍ॅम्प्लिफायर. मीटरमधले बारीक बल्ब फार मंद होते म्हणून सगळीकडे एलईडी टाकले. रिले आणि पंखा यांची लाइन थेट बॅटरीवरून घेतलेली आहे.

त्रास असा. सकाळी गाडी सुरू केली की चार्जिंगचा लाल दिवा जात नाही आणि व्होल्टमीटर १२.३ वर बसून राहतो. चांगली रेस दिली की एका क्षणी दिवा विझतो आणि काटा १४ वर जातो. त्यानंतर गाडी बंद करेपर्यंत दिवा पुन्हा लागत नाही. रात्री मात्र हेडलाइट आणि पंखा एकत्र चालू झाले की पळत्या गाडीतही बॅटरीवर १३.१ च्या वर काही मिळत नाही. सिग्नलला उभं राहिलं की हेडलाइट पिवळे पडतात.

बॅटरी नवी टाकली. अल्टरनेटर खोलून कार्बन (ब्रश) बदलले, रोटरची, म्हणजे आतल्या फिरत्या भागाची, गुंडाळीही नवी करून घेतली. फरक शून्य. आता वायरिंगवाला म्हणतो ६५ अँपिअरचा बसवू. पैसे घालायची तयारी आहे, पण कारण कळल्याशिवाय नको वाटतं.

घाटवाट

हॅलोजन, पंखा, अ‍ॅम्प्लिफायर एवढं सगळं ४५ वर ओढताय म्हटल्यावर कमी पडणारच. डायनामो जेमतेम वीसेक अँपिअर द्यायचा आणि त्यावर गाडीत फक्त दिवे, वायपर आणि हॉर्न होते. ६५ चा टाका आणि मोकळे व्हा.

आडवाटेचा

माझ्याही फियाटला हेच. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

वायरमन सांगली

फियाटप्रेमी, ६५ चा घ्यायची घाई करू नका. तुमचं लिखाण वाचून मला यात एक नाही, निदान दोन वेगळी दुखणी दिसतात. एक सकाळी जागं न होण्याचं, दुसरं रात्री लोड आला की खाली बसण्याचं. दोन्ही एकाच वेळी आली की माणूस अल्टरनेटर बदलत बसतो. मी चाळीसेक वर्षं हेच काम केलं, आता मुलगा दुकान बघतो. माप घेतल्याशिवाय पार्ट काढायचा नाही, एवढं मी त्याला पहिल्यापासून शिकवलं.

साधा मल्टिमीटर आहे का घरी? असेल तर एवढी मापं घ्या आणि जशीच्या तशी इथे लिहा.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी, इंजिन बंद. मग इंजिन चालू करून रेस देऊन दिवा घालवा आणि साधारण २००० आरपीएमवर दोन मापं घ्या: एक बी प्लसच्या स्टडवर, काळी वायर अल्टरनेटरच्या अंगावर धरून; दुसरं बॅटरीच्या दोन खुंट्यांवर. खुंटीवर म्हणतोय, टर्मिनलच्या क्लिपवर नाही. हीच दोन मापं हेडलाइट हायवर, पंखा आणि ब्लोअर लावून पुन्हा घ्या.

आता महत्त्वाचं. तोच लोड चालू ठेवून लाल प्रोब बी प्लसवर आणि काळा प्रोब बॅटरीच्या प्लस खुंटीवर धरा. वायरीत किती व्होल्ट वाया जातात ते थेट दिसेल. मग एक प्रोब अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरा बॅटरीच्या मायनस खुंटीवर, म्हणजे अर्थिंगची बाजू कळेल. प्लसच्या बाजूला ०.२-०.३ च्या वर आणि अर्थला ०.१-०.२ च्या वर गेलं तर तिथे दुखणं आहे.

एक शेवटचं. इंजिन बंद, चावी ऑन, लाल दिवा लागलेला. साध्या लोखंडी स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगपाशी न्या. ओढ जाणवली पाहिजे. ओढ असेल तर रोटरला करंट मिळतोय.

आणि कुणी सांगितलं तरी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग होतंय का' बघू नका. डायनामोच्या काळात ते खपायचं. अल्टरनेटरवर लोड असताना बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणात चाळीस-पन्नासच्या पुढे उडी मारतं. त्यात डायोड (अल्टरनेटरच्या एसीचं डीसी करणारे), रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) आणि तुमचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन तिन्ही जाऊ शकतात. माझ्याकडे येणाऱ्या जळक्या डायोड प्लेटींमधल्या बऱ्याच अशाच आलेल्या असायच्या.

कुडाळकर

वायरमनकाका, सविस्तर प्रतिसाद आवडला. एक विचारतो. आमच्याकडे एका मेस्त्रीने आयएनडीला दिवा न ठेवता चावीवरून सरळ वायर दिली होती. चार्जिंग पहिल्या सेल्फला सुरू होतं. फियाटप्रेमींना तसं करता येईल का? सकाळचा प्रश्न तरी सुटेल.

वायरमन सांगली

कुडाळकर, करू नका. पेट्रोल गाडीत आयएनडीला सरळ वायर दिली की चावी बंद केल्यावर अल्टरनेटर त्याच वायरीतून उलटा करंट इग्निशनला पुरवतो. चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं. मधला बल्ब तो करंट अडवून धरतो म्हणून एरवी असं होत नाही. तुमच्या मेस्त्रींनी मध्ये डायोड टाकला असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा दिवाही नाही आणि करंटला आवरही नाही.

फियाटप्रेमी पुणे

मापं घेतली, लिहितो.

रात्रभर उभी: १२.५.

चावी ऑन, इंजिन बंद: लाल एलईडी छान लागतो. स्क्रू ड्रायव्हरला ओढ म्हणावी अशी काहीच नाही. टोक नुसतं टेकतं.

२००० ला, लोड नाही: बी प्लसवर १४.३, बॅटरीवर १४.०.

२००० ला, पूर्ण लोड: बी प्लसवर १४.२, बॅटरीवर १३.१.

त्याच लोडला बी प्लस ते बॅटरी प्लस ०.७५. अल्टरनेटरचं अंग ते बॅटरी मायनस ०.३५.

आयडलला पूर्ण लोड: बी प्लसवर १२.६, बॅटरीवर १२.३.

वायरीचा मार्गही शोधला. बी प्लसवरून निघालेली वायर जुन्या कट-आऊटच्या (डायनामोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या) डब्यात जाते, तिथून पुढे बॅटरीकडे. डबा काढलाय असं मला सांगितलं होतं, प्रत्यक्षात तो जागेवरच आहे. झाकण उघडलं तर आत डायनामोची आणि बॅटरीची वायर एकाच स्क्रूखाली दाबून जोडलेली. त्यातल्या एका लगचं (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीचं) प्लास्टिक तपकिरी पडून कडक झालंय, बोट लावलं तर कपचा निघाला. लोडवर दहा मिनिटं चालवल्यावर तो स्क्रू हात लावू देत नाही इतका तापतो.

मंजिरी

मी इलेक्ट्रॉनिक्सवाली आहे, गाड्यांमधली नाही, पण ही मापं बघून राहवलं नाही. हिशोब तंतोतंत जुळतोय. ०.७५ आणि ०.३५ मिळून १.१०. बी प्लसवरचे १४.२ वजा १.१० म्हणजे १३.१, आणि बॅटरीवर तुम्हाला तेच मिळालं. म्हणजे अल्टरनेटर २००० ला पूर्ण लोड घेऊनही १४.२ देतोय. तो तंदुरुस्त आहे. बाकी सगळं वाटेत गळतंय.

६५ चा बसवला असता तरी फरक का पडला नसता, ते सांगते. या प्रकारच्या अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आतल्या आत, स्वतःच्याच टोकाशी व्होल्टेज बघतो. त्याला तिथे १४.२ दिसतात, तो समाधानी. चार फुटांवर बॅटरीला १३.१ मिळताहेत हे त्याला कळायला मार्गच नाही. मोठा अल्टरनेटरही तिथेच समाधानी राहील, वायर तापायची तशीच तापेल.

वायरीचा आकडाही बघा. तुमचा लोड: हायबीमचे १२० वॅट म्हणजे ९ अँपिअरच्या आसपास, पंखा ८, इग्निशन ३, टेललाइट-मीटर-ब्लोअर मिळून ५. एकूण २५ धरू. जुनी वायर साधारण अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर तांब्याचा रोध मीटरला ७ मिलीओहम. तीन मीटरला २१ मिलीओहम, २५ अँपिअरला अर्धा व्होल्ट. उरलेला पाव व्होल्ट त्या तापणाऱ्या स्क्रूत आणि लगांत. हीच लांबी १० चौरस मिलिमीटरच्या वायरीने केली तर ०.१३ व्होल्ट.

सकाळच्या दुखण्याबद्दल माझा संशय सरळ एलईडीवर आहे, पण ते काकांनी सांगावं.

वायरमन सांगली

मंजिरीताई, अगदी बरोबर संशय आहे तुमचा.

अल्टरनेटरच्या रोटरला स्वतःचं चुंबकत्व फार थोडं असतं. सुरुवातीला बाहेरून करंट दिला तरच तो जागा होतो. शेतातला पंप सुरू करताना आधी वरून पाणी ओतावं लागतं, तसं. ज्याच्या मागे फक्त बी प्लस आणि आयएनडी आहे, त्या अल्टरनेटरला हा करंट चार्जिंगच्या दिव्यातूनच जातो. मूळ दिवा २.२ वॅटचा, त्यातून १८० मिलिअँपिअर जायचा. एलईडीतून जेमतेम १५-२० जातो. तेवढ्याने दिवा लख्ख दिसतो, पण रोटर थंड पडलेला. म्हणून तुमच्या स्क्रू ड्रायव्हरला ओढ नाही. जोरात रेस दिली की लोखंडातल्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर तो कसाबसा उठतो, आणि एकदा उठला की स्वतःचा करंट स्वतः घेतो. त्यामुळे बंद करेपर्यंत ठीक चालतं.

कार्बन आणि गुंडाळीचा यात काही दोष नव्हता.

उपाय दोन. चार्जिंगच्या दिव्याच्या जागी जुना बल्ब परत लावा, बाकी मीटरमध्ये एलईडी राहू द्या. किंवा एलईडी ठेवायचाच असेल तर त्याला समांतर एक रेझिस्टर लावा.

मंजिरी

रेझिस्टर ६८ ओहम, ५ वॅट. साडेबारा भागिले ६८ म्हणजे साधारण १८४ मिलिअँपिअर, मूळ बल्बएवढाच. चावी ऑन असून इंजिन बंद असताना त्यात सव्वादोन वॅट उष्णता होते, म्हणून पाव वॅटवाला बारीक रेझिस्टर लावू नका, जळेल. पांढऱ्या सिमेंटच्या विटेसारखा मिळतो तो घ्या. तुम्ही पुण्यात आहात, तपकीर गल्लीत स्वस्तात मिळेल. मीटरच्या प्लास्टिकला टेकवून बसवू नका, तापतो. आणि लाइन चावीवरचीच घ्या. थेट बॅटरीवरून घेतली तर गाडी उभी असताना रात्रभर करंट जात राहील.

आडवाटेचा

माझ्या गाडीत मारुती ८०० चा अल्टरनेटर आहे. मीटरमध्ये एलईडी मीही टाकलेत. मलाही रेझिस्टर लावायला हवा का?

वायरमन सांगली

आडवाटेचे, मागच्या सॉकेटवर काय लिहिलंय ते आधी बघा. आयजी आणि एल अशा दोन पिना असतील तर त्यात रेग्युलेटरला जागं करायचं काम आयजीच्या वायरीचं. एल फक्त दिव्यासाठी. तिथे एलईडीमुळे चार्जिंग अडत नाही. पण आयजीच्या लाइनचा फ्यूज उडाला किंवा ती वायर कुणी जोडलीच नाही तर अल्टरनेटर मुका बसतो, आणि फियाटमध्ये बसवताना ती वायर राहून गेलेली मी बघितलीय. चावी ऑन करून आयजीवर बॅटरीएवढं व्होल्टेज येतंय का ते तपासा. एलला मात्र सरळ १२ व्होल्ट देऊन बघायचं नाही, आतला ट्रान्झिस्टर जळतो. खुणा पुसल्या असतील तर अंदाजाने पिना लावू नका, त्या मॉडेलचा दुसरा नमुना बघा.

जीपवाला नाशिक

छान चर्चा चाललीय. माझाही प्रश्न इथेच विचारतो, विषय तोच आहे म्हणून.

१९८९ ची महिंद्रा एमएम ५४०, डिझेल. डॅशबोर्डवर मूळचा अँपिअर मीटर आहे, मध्ये शून्य आणि दोन्हीकडे ३०. आधीच्या मालकाने पुढे डिस्क ब्रेक आणि बूस्टर (व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा) बसवलाय. मी पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायची मोटर) लावलाय आणि त्यासाठी एका पेट्रोल गाडीचा ७० अँपिअरचा अल्टरनेटर बघून ठेवलाय. ब्रॅकेट थोडं बदलून बसतो. अँपिअर मीटरचं काय करायचं?

घाटवाट

जीपवाले, विंचला ७० पुरेल का? माझ्या ओळखीत एकाने दोन बॅटऱ्या लावल्यात.

मंजिरी

विंच पूर्ण ताणावर ३००-४०० अँपिअर ओढतो. तो कुठलाच अल्टरनेटर पुरवत नाही, बॅटरीच पुरवते. अल्टरनेटर नंतर ती भरून काढतो. त्यामुळे विंचसाठी पैसे घालायचे तर आधी चांगल्या बॅटरीत आणि जाड केबलमध्ये.

वायरमन सांगली

जीपवाले, अँपिअर मीटर काढाच. जुन्या जीपमध्ये अल्टरनेटर ते बॅटरी हा सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत जाऊन त्या मीटरमधून परत येतो. ३० च्या मीटरमधून ५०-६० अँपिअर गेला की मीटरच्या मागच्या दोन नटांपाशी वायर वितळायला सुरुवात होते, आणि ती जागा तुमच्या गुडघ्यासमोर आहे. दोन्ही वायरी एकत्र करून नुसतं टेप मारू नका. बी प्लसवरून नवी जाड वायर थेट बॅटरीला द्या, फ्यूज घालून, आणि डॅशबोर्डवर त्या जागी व्होल्टमीटर बसवा. व्होल्टमीटरला बारीक वायर चालते आणि माहितीही जास्त कामाची देतो.

पण त्याआधी एक सांगा. बूस्टरची व्हॅक्यूमची नळी कुठून येते? शोधून मगच अल्टरनेटरचे पैसे द्या.

कुडाळकर

अवांतर: कोकणातल्यांनी पावसाआधी अर्थिंगचे बोल्ट एकदा खोलून बघावेत. आमच्याकडे वरून बोल्ट चकचकीत दिसतो आणि लगच्या खाली हिरवट पूड भरलेली असते. घट्ट आवळलेला असला तरी करंट जात नाही.

फियाटप्रेमी पुणे

कुडाळकर, अवांतर अजिबात नाही, माझ्याकडे अर्थचं नेमकं तसंच निघालं, फक्त पावसाऐवजी रंगामुळे. इंजिन काढलं होतं तेव्हा चासी आणि नवं ब्रॅकेट दोन्हीला जाड रंग मारला होता. इंजिनचा अर्थ पट्टा थेट रंगावर आवळलेला. ब्रॅकेटचीही तीच गत. इंजिन रबरावर बसलेलं असल्यामुळे करंटला परत यायला दुसरी चांगली वाटच नव्हती.

काय काय केलं ते सांगतो.

बी प्लसवरून १० चौरस मिलिमीटरची नवी वायर थेट बॅटरीला. लग साध्या पकडीने न दाबता क्रिंपिंगच्या हत्याराने दाबून घेतले, वरून हीटश्रिंक. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ६० अँपिअरचा फ्यूज. जुना डबा मध्ये राहिलाच नाही, दिसायला जागेवर ठेवलाय पण आत काही जोडलेलं नाही.

अर्थच्या जागा पातं आणि पॉलिश पेपर लावून उघड्या धातूपर्यंत घासल्या. अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरी मायनसपर्यंत एक स्वतंत्र वायरही टाकली. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली.

मीटरला ६८ ओहमचा रेझिस्टर.

आताची मापं: चावी ऑन केल्यावर स्क्रू ड्रायव्हर बेअरिंगच्या झाकणाला टक्कन चिकटतो, ओढून काढावा लागतो. सेल्फ मारला की रेस न देता दिवा जातो. २००० ला पूर्ण लोडवर बी प्लस १४.२, बॅटरी १४.०. प्लसच्या बाजूला ०.१३, अर्थला ०.०५. हेडलाइटचा उजेड बघून घरातल्यांनाही फरक कळला.

वायरमनकाका, मंजिरीताई, मनापासून आभार. राहिलंय ते आयडलचं. पूर्ण लोडवर आयडलला अजून १२.४ च आहे.

घाटवाट

मोठ्या अल्टरनेटरचा आग्रह मी सोडतो. माहिती जबरदस्त आहे, वाचनखूण साठवली.

वायरमन सांगली

फियाटप्रेमी, काम नीट केलंत. फ्यूज टाकलात हे फार चांगलं झालं. जाड वायर, फ्यूज नाही, आणि ती कुठे पत्र्याला घासली तर गाडी जळायला वेळ लागत नाही.

आयडलसाठी पुली बघा. डायनामोची पुली मोठी असते, अल्टरनेटरची लहान. डायनामोला फार वेगात फिरवता येत नाही, गुंडाळी बाहेर फेकली जाते. अल्टरनेटर मात्र इंजिनच्या दुपटीने, त्याहूनही जास्त वेगाने फिरला तरच खालच्या आरपीएमला काही देतो. बेल्ट जुळावा म्हणून बसवणारे डायनामोचीच पुली अल्टरनेटरला लावून देतात. सुताने क्रँकच्या पुलीचा आणि अल्टरनेटरच्या पुलीचा घेर मोजा आणि भागाकार करा.

फियाटप्रेमी पुणे

काका, जुन्या फोटोंशी ताडून बघितलं, पुली डायनामोचीच आहे. भागाकार दीडच्या आसपास येतो.

मंजिरी

म्हणजे ७५० च्या आयडलला अल्टरनेटर ११०० वर फिरतोय. जेमतेम चार्जिंग सुरू होण्याच्या उंबरठ्यावर. दुपटीच्या पुलीने १५०० होतील. तरी लक्षात ठेवा, आयडलला तो पाटीवरचे ४५ कधीच देणार नाही. ते आकडे अल्टरनेटर ६००० ला फिरताना मोजलेले असतात.

वायरमन सांगली

पुली बदलताना तीन गोष्टी. नाना पेठेत जाल तेव्हा बेल्टच्या रुंदीची पुली मागा. रुंद बेल्ट अरुंद खाचेत वर तरंगतो आणि घसरतो. बसवल्यावर क्रँक, वॉटर पंप आणि अल्टरनेटर या तिन्ही पुल्या सरळ पट्टी लावून एका रेषेत आहेत का बघा, नाहीतर बेल्ट कडेने झिजून काळी पूड पडेल. आणि हावरेपणाने फार लहान पुली लावू नका, बेल्टचा विळखा कमी पडतो आणि पावसात किंचाळतो. सगळ्यात लांब भागात अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. नव्या बेल्टचा ताण शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा बघा. वॉटर पंपाचा वेग क्रँकवर ठरतो, त्यामुळे इंजिन थंड राहण्यावर याचा परिणाम नाही.

कुडाळकर

डायोड तपासायचे राहिलेच की. एवढे दिवस तापलेल्या वायरीवर चाललाय.

मंजिरी

बरोबर. इंजिन १५०० ला, हेडलाइट लावून, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर बघा. ०.१ च्या आत असेल तर उत्तम, ०.५ च्या वर गेलं तर डायोड गेलाय. स्वस्त मल्टिमीटर यात फसवतात. काही मीटर एसीवर ठेवून डीसी बॅटरीला लावले की २५-३० असा भलताच आकडा दाखवतात. प्रोब उलटसुलट करून बघा. दोन्हीकडे वेगळं येत असेल तर त्या मीटरवर हे माप घेऊ नका. तुमच्याकडे अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्यात इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शीळ येत असेल तर तीही खूण समजा.

फियाटप्रेमी पुणे

एसी माप दोन्हीकडून ०.०४. शीळ आधी थोडी यायची, अर्थ नीट केल्यावर गेली. गाडी बंद असताना बॅटरीतून जाणारा करंटही मोजला, ३० मिलिअँपिअर. ५० च्या आत ठीक असं वाचलंय.

पुली बदलली. आयडल ८५० ला लावलं. पंखा बंद असताना हेडलाइटसह १३.४ मिळतात. पंखा लागला की १२.७. सिग्नलला तेवढा वेळ बॅटरी थोडं देईल, पुढे पळताना भरून निघेल, हे मला चालण्यासारखं आहे. एलईडी हेडलाइट लावून लोड कमी करा असं काहींनी खरडीत सुचवलं. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला की उजेड विखुरतो आणि समोरच्याला घाटात काही दिसत नाही. रात्री वरंध उतरताना मी तो त्रास सोसलाय, दुसऱ्याला देणार नाही.

जीपवाला नाशिक

वायरमनकाका, तुम्ही विचारलं म्हणून जीपखाली शिरून बघितलं. बूस्टरची नळी अल्टरनेटरच्या मागे लावलेल्या एका गोल पंपाला जाते. त्या पंपाला इंजिनच्या तेलाचीही एक बारीक पाइप आहे.

वायरमन सांगली

याचीच भीती होती. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखं मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्याच शाफ्टवर व्हॅक्यूम पंप असतो. पेट्रोल गाडीच्या अल्टरनेटरला तो नसतो. तुम्ही बघून ठेवलेला बसवला असता तर चार्जिंग झकास झालं असतं आणि ब्रेकचा पेडल दगड झाला असता. विंच लावलेली जड जीप, समोर उतार, आणि बूस्टर मेलेला.

घ्यायचाच तर मागे पंप असलेला घ्या. तेल आत येणारी पाइप आणि तेल परत संपमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) जाणारी जाड नळी, दोन्ही नव्या वॉशरवर बसवा. परतीची नळी तुंबली किंवा पंपाचं सील गेलं तर तेल पुढे अल्टरनेटरमध्ये शिरतं आणि कार्बन तेलकट होऊन चार्जिंग जातं. तेव्हा नुसते कार्बन बदलून उपयोग नाही, आधी सील. बसवल्यावर इंजिन बंद करून पेडल दोन-तीनदा दाबा, कडक होईल. मग पेडल दाबून धरून सेल्फ मारा. पाय थोडा खाली गेला तर व्हॅक्यूम बनतोय. हे उभ्या गाडीत बघितल्याशिवाय जीप रस्त्यावर काढू नका.

जीपवाला नाशिक

विक्रेत्याला लगेच फोन लावला. मागे पंप नसलेलाच माल होता. ऑर्डर रद्द केलीय. पंपवाला ५५ चा मिळतोय, विंचसाठी मंजिरीताई म्हणाल्या तसं आधी बॅटरी आणि केबलचं बघतो. परतीच्या नळीचा फोटो टाकतो, मला ती थोडी दबलेली वाटतेय.

वायरमन सांगली

टाका. दबलेली असेल तर तीच परत लावू नका, तेलाला टिकणारी नवी घ्या.